गोळी फिटची, धास्ती लिव्हरची

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ३६ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. तीन वर्षांपासून फिटसाठी व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. दोन वर्षांत एकदाही फिट आली नाही. पोट मात्र सुटलंय, जुन्या पँटी होत नाहीत. परवा लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ६८ आलं. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी लिव्हर सडतंय. त्यांनी काविळीची पुडी आणून ठेवलीय. आठ दिवस गोळ्या थांबवून ती द्यायची म्हणतात. काय करू?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आज रात्रीची गोळी आधी द्या, बाकीचं मग वाचा.

व्हॅल्प्रोएट एकदम बंद केलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात, शुद्धच येत नाही अशाही. तेही चालू मागाशेजारी! ६८ च्या आकड्यापेक्षा मला ह्याची भीती जास्त वाटते.

एसजीपीटीची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ४० च्या आसपास असते. म्हणजे तुमचा आकडा दुपटीच्याही आत आहे. कावीळ नाही, उलट्या नाहीत, तर एवढ्यावर आम्ही सहसा गोळी बदलत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतो. तिपटीच्या वर गेलं तर गोष्ट वेगळी. ह्या औषधाने लिव्हरला गंभीर इजा होते, पण क्वचित. आणि बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. सगळ्यात जास्त धोका दोन वर्षांखालच्या, फिटची दोन-तीन औषधं घेणाऱ्या मुलांना.

माझा संशय त्या पँटींवर आहे. व्हॅल्प्रोएटने भूक वाढते, वजन चढतं, लिव्हरवर चरबी साचते. सोनोग्राफीत ती दिसते. शेंगाचटणीवर तेल ओतून घेण्याची आपली सोलापुरी सवय (माझीही आहे) तेवढी आवरा. पगाराच्या दिवशी ‘थोडी’ घेतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. घेत असतील तर तपासणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा. रात्रपाळी असेल तर तीही सांगा. जागरणाने फिट उसळते.

सतत उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे, लघवी गडद, दिवसभर गुंगी, पायांवर सूज, किंवा गोळी चालू असून पुन्हा फिट. ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उत्तरासाठी आमच्या पुढच्या अंकाची वाट पाहू नका.

औषध बदलायचंच ठरलं तर लेव्हेटिरॅसिटामसारखी गोळी आहे, ती मुख्यतः किडनीवाटे जाते. काहींची त्याने चिडचिड वाढते, बरं का. पण नवी सुरू करून जुनी हळूहळू उतरवायची असते, तीही डॉक्टरांच्या हाताखाली.

पुडी देऊ नका. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि काही पुड्यांनीच लिव्हर बिघडतं. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. पुडीही न्या, डॉक्टरांना दाखवायला.