वाळलेली माती मेलेली नसते! (आणि वळवानंतर आलेले बाकीचे प्रश्न)

गेल्या आठवड्यात पुण्यात वळीव काय पडला आणि लगेच मातीबद्दल प्रश्नांची रांग लागली. एरवी मला महिन्याला दोन-तीन प्रश्न येतात, तेही बहुतेक गांडूळ खताबद्दल. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना मातीतल्या जंतूंचं काय होतं तेवढंच घेतोय.

प्रश्न : मी दोन महिने मुलीकडे बंगळूरला होते. गच्चीतल्या कुंड्यांची माती इतकी कडक झालीय की खुरपं आत जात नाही. या मातीतले चांगले जीवाणू मेले असणार ना? माती टाकून नवीन भरू का? (कोथरूड)

नका हो ताई, टाकू नका. चिमूटभर, म्हणजे एखाद ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात, त्यातले बरेच मेले हे खरं, पण उरलेले झोपलेत. काही जीवाणू स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू होऊन बसतात, काही आपल्याच चिकट द्रावात गुंडाळून घेतात, काही पेशीत एक प्रकारची साखर साठवून ठेवतात म्हणजे पाणी गेलं तरी आतली यंत्रणा कोलमडत नाही. बुरशी तर जीवाणूंपेक्षा चिवट, रोप कोमेजून जाईल इतक्या कोरड्या मातीतही तिचे धागे थोडंफार काम करत राहतात. हे काही आज कळलेलं नाही. १७०२ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या भिंगवाल्या संशोधकाने घराच्या पन्हाळीतली सुकी धूळ घेतली, पाणी घातलं, भिंगाखाली धरली आणि थोड्याच वेळात त्यात बारीक जीव पोहायला लागले.

खरा धोका पुढेच आहे. आत्ता उत्साहाने बादलीभर पाणी ओताल ना, ते करू नका. कोरड्यात टिकायचं म्हणून जीवाणूने आत क्षार आणि साखर साठवलेली असते, एकदम पाणी आलं की ते भसकन आत घुसतं, पेशीला जमवलेला माल घाईघाईने बाहेर फेकावा लागतो, ज्यांना जमत नाही ते फुटतात. म्हणजे उन्हाळा सोसून जगलेले काही पाण्याने मरतात! आधी हाताने शिंतडा, दुसऱ्या दिवशी परत, वर पालापाचोळा टाका, चार दिवसांनी नीट पाणी.

आणि माती जिवंत आहे का हे बघायचंच असेल तर पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी घ्या. काचेच्या दोन बरण्या, एकीत मूठभर सुकी माती, दुसरीत तीच माती ओलसर करून, दोन्हीत मातीवर निवळी भरलेली एकेक छोटी वाटी ठेवा (मातीत ओतू नका), झाकणं घट्ट. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल, सुकीत जवळजवळ काहीच नाही. ती साय म्हणजे जंतूंनी सोडलेला श्वास, कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटून झालेला. मी हे शाळेतल्या मुलांना करून दाखवतो, शिक्षकच जास्त वेळ बघत बसतात.

प्रश्न : पहिल्या पावसाचा वास मातीचा की पावसाचा? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून भांडण झालंय. (हडपसर)

दोघांना अर्धे अर्धे मार्क द्या. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोघांनी या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं, त्यात कोरड्या काळात वनस्पतींची तेलं दगडामातीवर बसतात त्यांचा वाटा असतो. पण आपण ज्याला मातीचा वास म्हणतो तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि तो करतात स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू. आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की पाण्यात हजार अब्जात पाचेक भाग असला तरी कळतो. थेंब कोरड्या मातीवर आपटला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरीला वास जास्त. हा वास जीवाणू आपल्यासाठी करत नाहीत अर्थात. २०२० मध्ये एका संशोधनात दिसलं की मातीतले उड्या मारणारे बारीक किडे, स्प्रिंगटेल, या वासाने ओढले जातात, जीवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू घेऊन दुसरीकडे जातात. म्हणजे पार्सल सर्व्हिस.

प्रश्न : माझी शिरूरकडे आठ एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील म्हणायचे नांगरून तापू द्यायची, तापलेली जमीन पिकते. मुलगा म्हणतो नांगरटीने जीवाणू मरतात. कोणाचं ऐकू?

दादा, दोघांचंही थोडं थोडं. मे महिन्यात उघड्या काळ्या मातीचा वरचा थर दुपारी साठ डिग्रीच्या घरात जातो, त्यात हुमणीच्या अळ्या, कोष, सूत्रकृमी, रोगाच्या बुरशा बऱ्याच मरतात, बरोबर चांगलेही मरतात. पण वडिलांचं म्हणणं उगाच नव्हतं. पूर्व आफ्रिकेत केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या माणसाने १९५८ च्या सुमारास हेच मोजून दाखवलं, की माती जितकी कडक वाळेल तितका पहिल्या पाण्याला जंतूंचा उसळा मोठा. मेलेल्या आणि फुटलेल्या पेशींचा माल, ढेकळं फुटून मोकळं झालेलं सेंद्रिय द्रव्य, हे सगळं वाचलेल्यांना एकदम जेवायला मिळतं, एक-दोन दिवसात श्वसन कितीतरी पटीने वाढतं आणि त्यातून नत्र मोकळं होतं. पहिल्या पावसावर बांधावरचं गवत अचानक काळंभोर हिरवं दिसतं ना, त्यात या फुकटच्या नत्राचा मोठा हात.

आता माझा मुद्दा, आणि हा मी दरवर्षी सांगतो. हा उसळा फुकट नाही, तो जमिनीच्या सेंद्रिय कर्बातून येतो, म्हणजे पगार नव्हे तर एफडी मोडून केलेला खर्च. आणि शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या भागात तर आपण रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतो, जूनमध्ये रान मोकळं, मग त्या नत्राचं नायट्रेट होतं, ते मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जातं, काळ्या रानात पाणी साचलं तर जंतूच त्याचा वायू करून हवेत घालवतात. जेवण वाढलंय आणि पंगतीला कोणी नाही! तुमची जमीन खोल काळी असेल, कमरेइतकी तरी, तर जूनमध्ये मूग घ्या, साठ-पासष्ट दिवसात रान मोकळं होतं आणि ज्वारीला वेळ मिळतो. मुरमाड हलकी असेल तर मात्र हे करू नका, ज्वारीची ओल मूग पिऊन टाकेल.

नांगराचं म्हणाल तर दरवर्षी खोल नांगरट नको, हुमणी किंवा हरळी माजली असेल त्या वर्षी करा, एरवी वखर पुरे. शिवाय काळी जमीन स्वतःच थोडी नांगरून घेते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या सरीला वरची माती जंतूंसकट त्यात पडते आणि मग भेगा मिटतात.

प्रश्न : मखमली लाल मृगाचा किडा आमच्याकडे हल्ली दिसत नाही. तो जमिनीला चांगला का?

चांगलाच. तो किडा नाही, कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा. वर्षातला बराच काळ जमिनीत दडून असतो आणि पहिल्या पावसाला वर येतो. त्याला पकडून डबीत ठेवू नका एवढंच, आम्ही लहानपणी फार केलंय ते.

प्रश्न : एप्रिलमध्ये जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवलेलं पाणी) सोडलं, जीवाणूंचं पाकीटही टाकलं, फरक शून्य. फसवलं का मला?

फसवलं असं लगेच म्हणू नका. एप्रिलच्या कोरड्या रानात ते ओतणं म्हणजे बंद दुकानासमोर माल उतरवणं. ओल नाही, सावली नाही, मुळं नाहीत, ते जीवाणू राहणार कुठे? ओल झाल्यावर, पीक उभं असताना, संध्याकाळी द्या. पाकिटाचं दुसरंच असतं. मी स्वतः एकदा एका दुकानातून रायझोबियमचं, म्हणजे डाळींच्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पकडणाऱ्या जीवाणूंचं, पाकीट आणलं, तारीख चांगली सहा महिने पुढची, पण दुकानदाराने ते पत्र्याच्या शेडमध्ये दारापाशी रचलेलं, हाताला चटका बसत होता. घरी प्लेटवर वाढवून बघितलं, जवळजवळ काही उगवलं नाही. तेव्हा तारखेइतकंच ते कुठे ठेवलंय ते बघा. आणि पीक बघा, हरभऱ्याचं रायझोबियम तुरीला लावून उपयोग नाही. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. थायरमसारखं बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जीवाणू शेवटी.

प्रश्न : वेताळ टेकडीवर फिरताना कातळावर काळे पापुद्रे दिसतात, पावसात त्याची जेली होते. हे काय? घरी कुंडीत आणलं तर चालेल?

तुम्ही सांगताय त्यावरून नॉस्टॉक वाटतंय, निळं-हिरवं शैवाल म्हणतात पण खरं तर जीवाणूच. उन्हाळ्यात कुरकुरीत काळा कागद, बोटाने चुरा होतो. एक पापुद्रा बशीत ठेवा आणि चमचाभर पाणी घाला, चहा होईपर्यंत तो फुगून हिरवट-तपकिरी झालेला असतो. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, शंभरहून जास्त वर्षं वाळून पडलेलं नॉस्टॉकही पाण्याने परत वाढलेलं आहे. मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या माळा दिसतात, मधेच एखादा मणी मोठा आणि फिकट, तोच हवेतलं नत्र पकडतो. जिथे मूठभर माती नाही अशा कातळावर पुढे गवत येतं त्यात याचा वाटा आहे. म्हणून आणू नका, तिथेच असू द्या, आणि कुंडीतल्या रोजच्या पाण्यात आणि सावलीत ते टिकायचंही नाही. पावसात त्यावर पाय मात्र देऊ नका, साबणापेक्षा वाईट घसरतं, मी दोनदा पडलोय.