घरातल्या बल्बाखाली सोलर पॅनल चेक नको करू भाऊ

अरे भाऊ, पॅनल खराब नाही गा तुयं. एलईडीखाली मीटर लावलं, व्होल्ट दिसले पण करंट नाही, अन् लगेच म्हणतं डुप्लिकेट निघालं. व्होल्टवर जाऊच नको, ते थोड्याशा उजेडातही दिसतेत, खरी गोष्ट करंटची, अन् तो जेवढा उजेड तेवढाच. आपल्या डोळ्याले खोली लख्ख वाटते, पण दुपारचं ऊन म्हणजे चौरस मीटरले 1000 वॅटच्या आसपास, त्याच्यापुढे ट्यूबलाइट काय हाय बावा. वरून सिलिकॉनचा सेल न दिसणारा इन्फ्रारेडही खाते, जवळपास 1100 नॅनोमीटरपर्यंत, अन् एलईडीत तो नसल्यातच जमा. जुना पिवळा 100 चा बल्ब जवळ धरून पाय, फरक दिसते.

मीबी पहिल्यांदा फवारणी पंपाचं पॅनल असंच दुकानात वापस नेलं होतं, लय हसला दुकानदार.

आता असं कर, वावरात ने, उन्हाकडे सरळ तोंड कर अन् शॉर्ट सर्किट करंट मोज, म्हणजे पॅनलच्या दोन्ही वायरी सरळ मीटरले लावल्यावर येते तो, मीटर 10 अँपियरवर ठेवजो नाही तर फ्यूज जाईन. 12 व्होल्टवालं 20 वॅटचं असलं तर सव्वा अँपियरच्या जवळपास यायले पाह्यजे. मे महिन्यात पॅनल तापलं की पॉवर थोडी पडतेच, 25 डिग्रीच्या वर दर डिग्रीले 0.3-0.4 टक्के, तवा तेवढ्यासाठी भांडाले नको जाऊ.