हरिकेननंतर छताची दुरुस्ती आणि विम्याचा दावा: सुरुवात कुठून करावी?

फ्लोरिडात आल्यानंतरचे हे तुमचे पहिलेच हरिकेन (चक्रीवादळ) असेल आणि त्यात घराच्या छताचे नुकसान झाले असेल, तर गोंधळ होणे स्वाभाविक आहे, पण धीर सोडू नका. तूर्त तीनच गोष्टींकडे लक्ष द्या.

आधी फोटो, मग ताडपत्री. उडालेली शिंगल्स (छतावरील आच्छादनाचे चपटे तुकडे), आतील छतावरचे डाग आणि भिजलेले सामान यांचे फोटो काढून घ्या, मात्र ओल्या छतावर स्वतः चढू नका. त्यानंतर गळती थांबवण्यासाठी तात्पुरते आच्छादन लगेच घालून घ्या, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमाधारकावरच असते. त्या खर्चाच्या पावत्याही जपून ठेवा. विमा कंपनीच्या पाहणीपूर्वी कायमची दुरुस्ती उरकून टाकणे ही नवख्या घरमालकांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरे, पॉलिसीतील हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतील तुम्ही स्वतः सोसायचा हिस्सा, किती आहे ते वाचा. ते बहुधा घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत असते, म्हणजे ४ लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के असल्यास पहिले ८ हजार डॉलर तुम्हालाच सोसावे लागतात. पुराचे नुकसान नेहमीच्या घरविम्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरे, दारी येऊन ‘डिडक्टिबल माफ करतो’ असे सांगणाऱ्या ठेकेदाराला ठाम नकार द्या. तशा सवलतीला कायद्याने मनाई आहे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा.

नवा दावा कळवण्यासाठी एक वर्षाची मुदत असली, तरी तो याच आठवड्यात नोंदवा.