आंदोलनात संपर्क-कर्मचाऱ्याने नेमके काय करायचे असते?

सोलापुरातील आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी धरणे धरणार आहेत आणि संपर्क-कर्मचारी, म्हणजे प्राचार्य व विद्यार्थी यांच्यातील दुवा, म्हणून आपण स्वेच्छेने नाव द्यावे का, असा आपला प्रश्न आहे. जरूर द्यावे, मात्र मागण्यांवर स्वतःचे मत त्या दिवशी बाजूला ठेवता येत असेल, तरच.

शस्त्राविना शांततेने एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला असला, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांचा जमावबंदी आदेश लागू असू शकतो. त्यामुळे तो आदल्या दिवशीच पाहून घ्यावा आणि मोर्चा फाटकाबाहेर, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेच्या पूनम गेटकडे जाणार असेल, तर परवानगीचा अर्ज विद्यार्थ्यांनी वेळेत दिला आहे ना, हे विचारावे.

प्रत्यक्ष दिवशीचे काम साधे असते. आपल्याकडचे ऊन लक्षात घेता पाण्याचे जार सावलीत ठेवणे, रुग्णवाहिकेपुरती वाट मोकळी राखणे, आणि प्राचार्यांचा निरोप विद्यार्थ्यांना व त्यांचे उत्तर प्राचार्यांना जसेच्या तसे पोहोचवणे. (निरोपात आपली फोडणी घालण्याचा मोह अनुभवी प्राध्यापकांनाच अधिक होतो.) उपस्थितांची नावे टिपून घेऊ नयेत व चेहऱ्यांचे चित्रण करू नये, एकदा वहीत नाव गेले की विद्यार्थी आपल्याशी बोलणे थांबवतात. नावे व चित्रण न घेण्याची ही अट कार्यालयाकडून लेखी घेतल्यावरच होकार कळवावा.