मॅडम, नक्की हीच थेरपी ना?

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने वही उघडली. पानभर आडवे-उभे रकाने आखलेले. डावीकडे थेरपींची नावं: सीबीटी, डीबीटी, ईएमडीआर, सायकोडायनॅमिक, रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्रित पद्धत आणि आणखी चार-पाच. समोर फायदे, तोटे, किती सत्रं लागतात ते. काही नावांपुढे तीन-तीन प्रश्नचिन्हं.

"तीन महिने वाचतेय, मॅडम. यातली माझ्यासाठी योग्य कोणती, एवढंच सांगा. चुकीची निवडली तर वर्ष वाया जाईल."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि तो रास्त आहे. पण थेरपीचं नाव त्रासाला जोडायचं असतं, आणि त्रास तर अजून माझ्यासमोर आलाच नव्हता. मी वही मिटायला सांगितली.

त्रास असा होता. कुणालाही मेसेज किंवा ईमेल पाठवला की ती तो पंधरा-वीस वेळा पुन्हा वाचायची. आपण काही लागेलसं लिहिलं असेल का? मग नवऱ्याला दाखवायचं, बहिणीला फोन करायचा. "काही चुकीचं नाही ना त्यात?" ती दोघं म्हणायची, काही नाही गं. तासभर बरं जायचं. याआधी वर्षभर ती एका समुपदेशकांकडे जात होती. माणूस प्रेमळ, ऐकून घेणारा. बालपण, आईशी नातं, सगळं बोलून झालं होतं. "तिथून निघताना हलकं वाटायचं. दोन दिवसांनी परत तेच."

माझी चूक इथे सांगायला हवी. बोलता बोलता तिने विचारलं, "मी आत्ता जे बोलले त्याने तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" मी म्हटलं, छे, अजिबात नाही. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. रात्री टिपणं लिहिताना लक्षात आलं, तासाभरात मी तिला तीनदा दिलासा दिला होता. नवरा आणि बहीण जे करत होते, तेच मीही केलं.

हा मंत्रचळ होता, ओसीडी. त्यात शंका येते, जीव घाबरा होतो, मग तपासायचं किंवा कुणाला तरी विचारायचं. त्याने घटकाभर सुटका होते, आणि त्या सुटकेमुळेच पुढची शंका आणखी जोरात येते. म्हणून नुसतं ऐकून घेणं आणि धीर देणं, जे दुःखात इतकं उपयोगी पडतं, ते इथे उलटतं. आधीचे समुपदेशक वाईट नव्हते. औषध दुसऱ्या आजाराचं होतं, इतकंच.

यावर ईआरपी नावाची पद्धत चांगली सिद्ध झाली आहे. भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि तपासण्याचा विधी करायचा नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरच्या अशा उपचारांची माहिती प्रसिद्ध केली, तिथून हा मार्ग वाढत गेला.

दुसरा त्रास असता तर माझं उत्तर बदललं असतं. अपघात किंवा अत्याचाराच्या आठवणी अंगावर धावून येत असतील, तर आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने त्या आठवणी हाताळणारी). भावनांचा लोंढा आवरत नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते, तिथे भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारी डीबीटी. मार्शा लिनहान यांनी ती अशाच लोकांसाठी घडवली. उदासीत सीबीटीही चालते आणि नात्यांवर काम करणारी आयपीटीही. तिथे मी माणसाचा कल बघते, कारण सीबीटीतल्या गृहपाठाची वही बघूनच काहींना धाप लागते. आणि जीव द्यावासा वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील, तर थेरपीचं नाव शोधत बसू नये, आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

दुसऱ्या भेटीत मी हे चक्र कागदावर काढून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ईआरपीच. नक्की ना, मॅडम? शंभर टक्के?"

मी म्हटलं, "पुरावा चांगला आहे. सहा सत्रांनी फरक पडतोय का ते आपण दोघी मिळून बघू. पण 'शंभर टक्के' मी म्हणणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग वहीकडे बघून हसली. "ही वहीसुद्धा तपासणंच होती का हो?"

होतीच. तीन महिने ती थेरपी शोधत नव्हती, खात्री शोधत होती. कोणाकडेही जा, पहिल्या एक-दोन भेटींत विचारावं: माझा त्रास कशामुळे टिकून राहिलाय, आपण नेमकं काय करणार आहोत, फरक पडला हे कसं ओळखायचं? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि आपुलकी. तिच्या आधीच्या वर्षात आपुलकी भरपूर होती, काम काय करायचं हे मात्र कधी ठरलंच नव्हतं.

पुढचं काम कंटाळवाणं आणि कठीण होतं. मेसेज पाठवून तासभर उघडायचा नाही. मग दिवसभर. मग मुद्दाम एक चूक ठेवून पाठवायचा. नवऱ्याने ठरल्याप्रमाणे म्हणायचं, "याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." दुसऱ्या आठवड्यात ती चिडून सोडून द्यायला निघाली होती. सहाव्या सत्रापर्यंत तपासणं निम्म्याहून कमी झालं.

नवव्या सत्रात वेगळंच घडलं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईबद्दल ती बोलायला लागली आणि रडली. त्या दिवशी मी तक्ते बाजूला ठेवले आणि नुसती ऐकत राहिले. आता ऐकणंच हवं होतं.

परवा तिचा मेसेज आला, पुढची भेट एक आठवडा लांबवण्याबद्दल. त्यात दोन शब्द चुकले होते. दुरुस्तीचा मेसेज काही आला नाही.