पोट साफ नसल्यामुळे मुरुम येतात का? १६ वर्षांच्या मुलीला कोणतं क्रीम लावावं?

नाही. पोटाचा काही संबंध नाही. क्रीमचं सांगते, पण आधी आमच्या आत्याचं ऐका.

२०११ साली मी बारावीला होते. कपाळ आणि दोन्ही गाल भरलेले. आत्या दर रविवारी यायची, हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवायची आणि निकाल द्यायची, "उष्णता आहे गं. पोट साफ होत नसणार." मग सब्जा, त्रिफळा चूर्ण, मसुराच्या डाळीचं पीठ, त्यात लिंबू. फुटलेल्या पुटकुळ्यांवर लिंबू! आई म्हणायची, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

पुढे ताईचं लग्न ठरलं आणि आत्याने पर्समधून एक ट्यूब काढली. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. चार दिवसांत चेहरा तुळतुळीत. आत्याने अख्ख्या मांडवात श्रेय घेतलं. मी ती सात महिने रोज लावली. मग एकदा ट्यूब संपली, नवी आणायला दोन-तीन दिवस लागले, तेवढ्यात तोंड लालबुंद. नळाच्या साध्या पाण्यानेही आग व्हायची. गालांवर लव आलेली, पुटकुळ्या आधीच्या दुप्पट आणि सगळ्या एकाच मापाच्या.

सांगलीच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासायच्या आधी ट्यूब मागितली. बारीक अक्षरात लिहिलं होतं क्लोबेटासॉल, म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉइड. "अगं, हे तळपायाच्या जाड इसबाला देतात. गालाला लावलंस?" त्यातून बाहेर यायला दीड वर्ष गेलं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आमच्या कोपऱ्यावर अजून मिळतात.

तर तुमची मुलगी. वयात येताना अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) वाढतं, मुलींमध्येसुद्धा. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी छिद्राच्या तोंडाशी अडकून बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. काळं टोक हा मळ नसतो, त्यामुळे घासू देऊ नका. डॉक्टर बहुधा रात्री लावायला अॅडापलीनचं जेल किंवा क्रीम देतील: वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला, एकेका फोडावर टिपका नाही. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के (टॉवेल आणि अभ्रे पांढरे पडतात, जुने वापरा). पहिले काही आठवडे कातडी सोलवटते, कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. चार दिवसांत फरक पडला तर ट्यूबवरचं नाव वाचा.

हं, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करा. गाठी होऊन खड्डे पडत असतील तर थांबू नका. त्यावर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, पण त्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, म्हणून देखरेखीखालीच. आणि खाण्याचा अगदीच संबंध नाही असंही नाही. गोडधोड, मैदा, काहींना दूध बाधतं. म्हणजे आत्या दहा टक्के बरोबर होती. हे तिला सांगणार नाही.

गेल्या महिन्यात तिने नातीसाठी तीच ट्यूब काढली. मी तिच्यादेखत ती मोरीत पिळून रिकामी केली. तेव्हापासून फोन नाही.