मोठ्या अर्थतज्ज्ञांच्या मुलाखती ऐकून काही उपयोग होतो का? ऐकायच्या तर कशा?

धुळ्याच्या एका बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांच्या आणि गुंतवणूकदारांच्या मुलाखती ते तासन्‌तास ऐकतात. ऐकताना सगळं पटतं, आठवड्याने काहीच हाती राहत नाही. त्यात दोन मोठी माणसं एकमेकांच्या बरोबर उलट बोलतात. मग ऐकायचं कशाला, आणि ऐकायचं तर कसं?

उपयोग होतो, भाऊ. मला झाला. पण त्याआधी ऐकण्यामुळेच एकदा मोठं नुकसान झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

मी अमळनेरहून जळगावला अपडाऊन करतो, एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. घरची शेती कपाशीची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि उन्हाळ्यापर्यंत बारा हजारांच्या घरात पोहोचला. आम्ही तेव्हा आधीच विकून बसलो होतो. ती चुटपुट घेऊनच पुढचा हंगाम आला. दिवाळीनंतर व्यापारी नऊ हजारांच्या आसपास मागत होता. मी मात्र फोनवर एका बाजारतज्ज्ञाची दोन मिनिटांची चित्रफीत पाहिली होती: थांबा, भाव पुन्हा बारा हजार होणार. वडिलांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "त्यानी कपाशी पेरेल शे का?" त्याने स्वतः कपाशी पेरली आहे का? मी म्हटलं, दादा, तो अभ्यास करून बोलतोय. माझ्या शब्दाखातर ३८ क्विंटल कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. उन्हाळ्यात त्या कापसाने घरभर खाज सुटली, पोरांच्या हातांवर पुरळ उठलं, आई ओट्यावर झोपायला लागली. जूनमध्ये बियाण्याला पैसे हवेत म्हणून सात हजारांनी विकला. खान्देशात त्या वर्षी घरोघरी हेच चाललं होतं.

त्यानंतर मी दोन मिनिटांच्या चित्रफिती बंद केल्या आणि लांब मुलाखती ऐकायला लागलो. पालधी, धरणगाव करत तासाभराचा प्रवास असतो, तेवढा वेळ पुरतो. फरक हा, की छोट्या चित्रफितीत निकाल असतो. लांब गप्पांत तो माणूस त्या निकालापर्यंत कसा आला हे कळतं आणि कुठे अडखळतो तेही कळतं. माझ्या मते ऐकण्यासारखी जागा ती अडखळण्याचीच.

डॅनियल कानेमन यांचं उदाहरण घ्या. मूळचे मानसशास्त्रज्ञ, २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. त्यांनी आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के? ज्यांच्यासमोर चाक १० वर थांबलं त्यांचा अंदाज साधारण २५, ज्यांच्यासमोर ६५ वर थांबलं त्यांचा ४५. चाकाचा आणि उत्तराचा काडीचा संबंध नाही, तरी मन त्या आकड्याला बांधलं जातं. हे मी गाडीत ऐकलं आणि धरणगाव कधी गेलं ते कळलं नाही. आमचं चाक १२ हजारांवर थांबलं होतं. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात २०२२ च्या मे महिन्यात पौंडाला १५० सेंटच्या वर गेलेली रुई (सरकी, म्हणजे बी, काढलेला कापूस) ऑक्टोबरअखेरीस ७५ च्याही खाली आली होती. म्हणजे आमचा कापूस घरात यायच्या आधीच जगाचा भाव निम्म्यावर आला होता, आणि आम्ही मागच्या वर्षीच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो.

हेच कानेमन मुलाखतींत सांगत, की आयुष्यभर या चुकांचा अभ्यास करूनही त्या माझ्याकडून होतच राहतात. २०१७ मध्ये तर त्यांनी लेखी कबूल केलं की आपल्या गाजलेल्या पुस्तकातल्या एका प्रकरणात आपण फार थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर नको तेवढा भरवसा ठेवला. असं बोलणारा माणूस सापडला की मी त्याचं बाकीचंही कान देऊन ऐकतो.

आता तुमची दुसरी अडचण, दोन मोठी माणसं उलट बोलतात ती. २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होल इथे अर्थतज्ज्ञांची परिषद भरली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या कारकिर्दीचा गौरव हाच तिचा विषय होता. रघुराम राजन तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं, की बँकांची माणसं ज्या पद्धतीने बोनस कमावतात त्यातून मोठी जोखीम साठत चालली आहे. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी हा विचार मुळातच बहुतांशी चुकीचा आहे असं सुनावलं. तीन वर्षांनी लेहमन ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ग्रीनस्पॅन यांना कबूल करावं लागलं, की बँका स्वतःच्या हितासाठी तरी भागधारकांचा पैसा सांभाळतील हा आपला विश्वास होता आणि त्यात खोट निघाली. त्या परिषदेत बहुमत कुठे होतं ते पाहा. म्हणून टाळ्या कोणाला पडल्या यावरून खरं-खोटं ठरवू नका. कोणाच्या म्हणण्यात 'हे घडलं तर ते घडेल' अशी साखळी दिसते, ते पाहा. राजन यांनी तारीख सांगितली नव्हती, साखळी सांगितली होती.

पण कित्येकदा दोघंही खरं बोलत असतात आणि दोन वेगळ्या खिशांबद्दल बोलत असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी काढलं. गिरण्यांची बाजू मांडणारे म्हणाले चांगलं झालं, शेतकऱ्यांची बाजू मांडणारे म्हणाले घात झाला. यात खोटं कोणीच बोललं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी रुपयाबद्दल हेच दाखवून दिलं होतं. १९२३ च्या त्यांच्या प्रबंधात आहे, की रुपया पडला की निर्यातदाराचा फायदा होतो खरा, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे तो फायदा आपल्याच मजुराच्या खिशातून जातो. १९२५ मध्ये त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. ती प्रश्नोत्तरं छापील स्वरूपात मिळतात, ती जरूर वाचा. समोरचे उलटसुलट विचारताहेत आणि बाबासाहेब एकेक शब्द तोलून उत्तर देताहेत. अर्थशास्त्रावरची गप्पा कशी असावी याचा नमुना म्हणून मला दुसरं काही सुचत नाही.

यशस्वी गुंतवणूकदारांच्या मुलाखतींबद्दल मात्र मी सावध करीन, आणि ते मी अमळनेरचा आहे म्हणून. १९४५ मध्ये आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा शेअर घेतले. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी २१ व्या वर्षी कारभार बघायला लागले, पुढे तेल-तुपाची कंपनी संगणकात शिरली, बोनस शेअर (आधीच्या शेअरवर फुकट मिळणारे जादा शेअर) मिळत गेले, आणि ज्यांनी कागद जपून ठेवले ती घरं कोट्यधीश झाली. बाहेरून पत्रकार येतात ते या घरांत. 'संयमाचं फळ' असं लिहून जातात.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते. त्यांच्याकडेही ते शेअर होते. मुलीच्या लग्नाला विकले, पोरगी सुखात आहे. त्यांची मुलाखत कोणी घेतली नाही. दुसरे एकजण, ज्यांच्याकडे शेअर राहिले, ते मला एकदा म्हणाले, "अरे, कागद ट्रंकेत तळाशी गेला होता, तो ट्रंक बदलताना सापडला." त्यात संयम कुठे आला? शिवाय त्या काळी गावाची शान प्रताप मिल होती. तिच्यातली नोकरी म्हणजे जन्माची भाकरी असं लोक समजत. त्या मिलचा भोंगा थांबला. कोणता कारखाना टिकेल आणि कोणता बंद पडेल, हे १९४५ मध्ये स्टेशनरोडवर उभ्या असलेल्या कोणाला कळणार होतं? म्हणून यशस्वी माणूस 'मी असं केलं' म्हणाला की मी मनात विचारतो, तसंच करून बुडालेले किती असतील? ते समोर बसलेले नसतात.

आता वहीबद्दल, कारण हाती काही राहत नाही ही तुमची खरी तक्रार आहे. मी एका मुलाखतीतून एकच गोष्ट उतरवतो, आणि तिच्यासमोर आपल्या भागातली एक गोष्ट लिहितो. समोरचा रकाना रिकामा राहिला, तर ती गोष्ट मला समजली नाही असं धरतो.

एक पान सांगतो. डायमंड आणि डिबविग या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांचं १९८३ चं काम, ज्याला २०२२ चं नोबेल मिळालं. बँक लोकांकडून कधीही मागता येईल असा पैसा घेते आणि वर्षानुवर्षांसाठी कर्जाने देते. सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगली बँकही उभी राहू शकत नाही, आणि बाकीचे येतील या भीतीनेच प्रत्येकजण येतो. समोरच्या रकान्यात मी आत्याचं नाव लिहिलं. तिने एका पतसंस्थेत पैसे ठेवले होते. ती रांग मी पाहिली आहे. पहाटेपासून बायका पायरीवर बसलेल्या, आत्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली ठेवपावती, आणि शटर अर्धं खाली. पैसे पूर्ण कधी मिळालेच नाहीत. रांग का लागली ते त्या सिद्धान्ताने मला समजावलं. पण कर्जं कोणाच्या नातेवाइकांना, कुठल्या तारणावर दिली होती, ते त्यात नव्हतं. ते गावाला माहीत होतं. म्हणून मी खाली लिहिलं: अर्धं उत्तर. त्याच पानावर एक कामाची नोंद आहे, ती तुम्हीही घरी सांगा. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. नावात दोन्हीकडे 'सहकारी' असतं, म्हणून माणसं फसतात.

आणि मोठ्यांच्या मुलाखतींइतकंच मन लावून एक काम करा. तुमच्या गावातल्या जिनिंगवाल्याशी, अडत्याशी, दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याशी बसून बोला. ही माणसं रोज भाव ठरताना बघतात. आमच्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्याने मला पावतीच्या पाठीमागे हिशेब करून दाखवला होता. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलो सरकी, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर, खंडी ३५६ किलोची. समजा खंडी ६० हजार, तर रुईचा किलो साधारण १६८ रुपये, ३४ किलोचे ५,७३० च्या आसपास. सरकी ३५ रुपये किलो धरली तर २,२४०. दोन्ही मिळून आठ हजारांच्या जवळ. त्यातून जिनिंग, गाठी बांधणं, हमाली, गाडीभाडं वजा. "याच्यावर भाव दिला तर मला पडतळ नाही," म्हणजे परवडत नाही, असं तो म्हणाला, "मग टीव्हीवर कोणी काही सांगो." दहा मिनिटांचं बोलणं. ते २०२२ च्या दिवाळीआधी झालं असतं तर आमची पुढची खोली रिकामी राहिली असती.

तो कागद मी घरी नेला आणि दादांना समजावून सांगितला. सरकीचा वाटा इतका मोठा असतो हे आयुष्यभर कपाशी पिकवूनही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता आम्ही माल तीन टप्प्यांत विकतो, पहिला वेचणीची मजुरी निघेल एवढा. आणि मी संध्याकाळी गाडीतून उतरून घरी पोहोचलो की दादा पूर्वीसारखं "भाव वाढी का रे?" असं विचारत नाहीत. विचारतात, "सरकीना भाव काय शे आज?"